सूट आणि सक्ती यांच्यामधला कोरडा मार्ग

कोळशावर चालणाऱ्या बहुसंख्य वीज संचांना गंधकवायू रोखण्याच्या बंधनातून सूट मिळाली आहे. त्यासाठी पाणी, खर्च आणि भारतीय कोळशातील अल्प गंधक ही तीन कारणे दिली गेली. तिन्ही खरी आहेत. मात्र जगात इतरत्र याच तीन कारणांसाठी ‘कोरडे स्क्रबर’ निवडले गेले.

बेंगळूरुच्या पूर्व भागातील महादेवपुरा आज काचेच्या उंच इमारती, वाहनांच्या रांगा आणि टँकरचे पाणी यांसाठी ओळखला जातो. व्हाइटफिल्ड, हूडी, बेळ्ळंदूर, वर्तूर ही जुनी गावे आणि त्यांची तळी पोटात घेऊन हा भाग वाढला. माझ्या नोकरीची अखेरची सोळा वर्षे इथल्याच एका इमारतीच्या पाचव्या मजल्यावर गेली. कोळशावरील वीज केंद्रांतून बाहेर पडणारा धूर स्वच्छ करणाऱ्या यंत्रणांचे आराखडे करणे, हे माझे काम होते. त्या मजल्यावरून एकही धुराडे दिसत नसे. आमच्या संगणकांना आणि वातानुकूलन यंत्रांना लागणारी वीज रायचूर, बळ्ळारी, कुडगी यांसारख्या, इथून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या केंद्रांतूनही येत असे. वीज इथे वापरायची, धूर तिथे सोडायचा आणि त्या धुराचा उपाय पुन्हा इथे बसून कागदावर उतरवायचा, अशी ती विभागणी होती. तिच्यातील विसंगती लक्षात यायला मला बरीच वर्षे लागली.

ती लक्षात आणून दिली दुष्काळी पट्ट्यातील एका वीज केंद्राच्या मुख्य अभियंत्यांनी. केंद्राचे आणि त्यांचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. गंधकवायू धुऊन काढणाऱ्या ‘ओल्या’ यंत्रणेचे सादरीकरण घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. त्यांनी शांतपणे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘साहेब, यंत्र बसवीन. पण त्याला पाजायला पाणी कुठून आणू? उन्हाळ्यात माझे बॉयलरच तहानलेले असतात.’’ आमच्याकडे उत्तर नव्हते असे नाही. कमी पाण्यावर किंवा जवळजवळ पाण्याविना चालणाऱ्या पद्धती आम्हाला ठाऊक होत्या. पण निविदेत ओली चुनखडी-पद्धत लिहिलेली होती; आम्ही निविदेत जे असेल ते विकत होतो. त्या दिवशी गप्प बसणाऱ्यांत मीही होतो, हे आरंभीच नोंदवून ठेवतो.

मुदतींची दशकपूर्ती

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ७ डिसेंबर २०१५ रोजी औष्णिक वीज केंद्रांसाठी नवी उत्सर्जन मानके अधिसूचित केली. त्याआधी धुरातील धुळीवर मर्यादा होती. सल्फर डायऑक्साइडवर देशव्यापी मर्यादा नव्हती. नव्या मानकांनुसार २०१६ अखेरपर्यंत उभारलेल्या ५०० मेगावॉटहून लहान संचांसाठी धुराच्या प्रति घनमीटरमागे ६०० मिलिग्रॅम, त्याहून मोठ्या संचांसाठी २०० मिलिग्रॅम आणि २०१७ नंतरच्या संचांसाठी १०० मिलिग्रॅम अशी मर्यादा ठरली. पूर्ततेसाठी दोन वर्षे दिली होती.

पुढचा इतिहास मुदतवाढींचा आहे. २०१७ ची मुदत २०२२ वर गेली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट पाडण्यात आले. राजधानी परिक्षेत्राच्या किंवा दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांच्या दहा किलोमीटरच्या आत असलेली केंद्रे ‘अ’ गटात. तीव्र प्रदूषित क्षेत्रे आणि हवेची मानके न पाळणारी शहरे यांच्या दहा किलोमीटरच्या आतील केंद्रे ‘ब’ गटात. उरलेली सगळी ‘क’ गटात. मुदती पुन्हा २०२२ मध्ये आणि २०२४ च्या अखेरीस वाढल्या. शेवटी ११ जुलै २०२५ च्या अधिसूचनेने ‘क’ गटाला, म्हणजे देशातील जवळपास चार-पंचमांश संचांना, सल्फर डायऑक्साइडच्या मर्यादेतून वगळले. त्यांच्यावर उरले ते धुराड्याच्या उंचीचे बंधन. ‘ब’ गटाबाबत प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र विचार होणार आहे. ‘अ’ गटाला २०२७ च्या अखेरपर्यंत मुदत आहे.

या निर्णयाच्या समर्थकांना खलनायक ठरवून हा विषय समजणार नाही. त्यांचे मुद्दे गंभीर आहेत. देशभर ओली यंत्रणा बसवण्याचा खर्च सुमारे अडीच लाख कोटी रुपये सांगितला जातो. त्यासाठी चुनखडी खणावी लागते आणि ती दूरवर वाहून न्यावी लागते. चुनखडी गंधकवायूशी संयोग पावताना कार्बन डायऑक्साइड सोडते. शिवाय पंप आणि पंखे केंद्राचीच वीज खातात. या सर्वांच्या बदल्यात जो वायू रोखायचा, त्याचे हवेतील प्रमाण बहुतेक शहरांत मानकाच्या आतच आहे, असे सांगितले जाते. बेंगळूरुच्याच नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅडव्हान्स्ड स्टडीजच्या अभ्यासाने या भूमिकेला बळ दिले. याउलट याच शहरातील ‘सीस्टेप’ या संस्थेने २०१८ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, धूळ, गंधक आणि नायट्रोजन या तिन्हींची मानके पाळली गेली तर २०३० पर्यंत सुमारे ३ लाख २० हजार अकाली मृत्यू टळू शकतात. एकाच शहरातले दोन अभ्यास असे परस्परविरोधी निघाले, कारण दोघांनी दोन वेगळे प्रश्न विचारले होते. एकाचा प्रश्न ‘हा वायू हवेत किती आहे?’ असा होता. दुसऱ्याचा ‘या वायूचे पुढे काय होते?’ असा.

वायूचा कण होतो तेव्हा

सल्फर डायऑक्साइड धुराड्यातून वायुरूपाने बाहेर पडतो, पण तसाच राहत नाही. काही तासांत ते काही दिवसांत हवेतील ऑक्सिडीकारक द्रव्ये आणि ओलावा यांच्याशी संयोग होऊन त्याचे सल्फेट बनते. शेतीतून आणि सांडपाण्यातून हवेत येणारा अमोनिया त्याला मिळाला की अमोनियम सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. फुप्फुसांत खोलवर जाणाऱ्या ‘पीएम २.५’ कणांत त्यांचा वाटा असतो आणि ते वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जाऊ शकतात. म्हणूनच एखाद्या शहरात सल्फर डायऑक्साइड कमी आढळला म्हणजे गंधकाचा प्रश्न नाही, असे होत नाही. तो रूप बदलून धुळीच्या खात्यात जमा झालेला असतो.

दहा किलोमीटरच्या वर्तुळाचा दोष इथे दिसतो. आपल्याकडे मोठ्या संचांची धुराडी २७५ मीटर उंच असतात. इतकी उंची देण्याचा हेतूच असा की धूर जवळपास खाली येऊ नये, वरच्या वाऱ्यात मिसळून दूर जावा. ज्या धुराड्याची रचनाच जवळचे क्षेत्र वाचवण्यासाठी केली आहे, त्याचा परिणाम दहा किलोमीटरच्या आत मोजायचा आणि बाहेरच्यांना निर्धोक ठरवायचे, हे तर्काला धरून नाही. सूट दिलेल्या केंद्रांना धुराड्याच्या उंचीची अट घालणे म्हणजे वायू रोखण्याऐवजी त्याचा पत्ता बदलणे आहे.

‘भारतीय कोळशात गंधक कमी’ हा मुद्दाही थोडा खोलात पाहायला हवा. आपल्या कोळशात गंधक साधारण अर्धा टक्का किंवा त्याहून कमी असते, हे खरे. पण त्यात राख भरपूर आणि उष्मांक कमी असल्याने तेवढ्याच विजेसाठी अधिक कोळसा जाळावा लागतो. २१० मेगावॉटचा एक जुना संच पूर्ण क्षमतेने दिवसभर चालला तर सुमारे ५० लाख युनिट वीज देतो. युनिटमागे ६८० ग्रॅम कोळसा धरला तर दिवसाला ३४०० टन कोळसा झाला. त्यात ०.४ टक्के गंधक म्हणजे साडेतेरा टन. जळताना गंधकाचे वजन दुप्पट होऊन वायू बनतो, म्हणजे एका संचातून रोज सुमारे २७ टन सल्फर डायऑक्साइड. टक्केवारी लहान असली तरी तिला लावायचा गुणक मोठा आहे. अमेरिकेतील मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उपग्रहांच्या नोंदींवरून निष्कर्ष काढला की चीनचे गंधक उत्सर्जन दशकभरात सुमारे ७५ टक्क्यांनी घटले, भारताचे सुमारे निम्म्याने वाढले आणि भारत या बाबतीत चीनला मागे टाकण्याच्या मार्गावर आहे. त्यामागे हाच गुणक आहे.

ओले आणि कोरडे

धूर धुण्याची कल्पना जुनी आहे. लंडनच्या बॅटरसी वीज केंद्रात १९३० च्या दशकात थेम्सच्या पाण्याने धूर धुतला जात असे. धुऊन निघालेली घाण अर्थातच नदीत जात असे. आजची ओली पद्धत पुष्कळ सुधारलेली आहे. चुनखडीची पूड पाण्यात कालवून तिचा शिडकावा उंच मनोऱ्यात धुरावर केला जातो आणि शेवटी जिप्सम मिळते, जे सिमेंटच्या किंवा छताच्या पाट्यांच्या कामी येते. पंचाण्णव टक्क्यांहून अधिक वायू पकडण्याची तिची क्षमता आहे. पण प्रत्येक मेगावॉट-तासामागे साधारण दोनशे ते तीनशे लिटर पाणी तिला लागते. ज्या परळीचे वीज केंद्र पाण्याअभावी २०१३ मध्ये बंद ठेवावे लागले, तिथल्या माणसाला या आकड्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

कोरड्या पद्धती दोन प्रकारच्या आहेत. पहिलीत विरी गेलेला चुना आणि नेमके तेवढेच पाणी धुरात सोडतात, जेवढे धुराच्या उष्णतेने पूर्णपणे वाफ होऊन जाईल. सुमारे १४० अंशांवरचा धूर ७०-८० अंशांपर्यंत निवतो, चुना त्या ओलसर गरम हवेत गंधकवायू शोषून घेतो आणि तळाशी कोरडी पूड उरते. ही पूड कापडी पिशव्यांच्या गाळण्यांत अडते. तिच्यातील न वापरला गेलेला चुना पुन्हा पुन्हा फिरवला जातो. सांडपाणी निघत नाही, पाणी ओल्या पद्धतीपेक्षा कमी लागते आणि नव्वद टक्क्यांहून अधिक वायू पकडता येतो.

दुसरी पद्धत याहून साधी आहे. चुन्याची किंवा खाण्याच्या सोड्याची, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटची, बारीक पूड धूर वाहून नेणाऱ्या नळकांड्यातच फुंकतात. वेगळा मनोरा नाही, पाणी जवळजवळ नाही. पुढे राख पकडणारी जी यंत्रणा केंद्रात आधीच असते, तीच ही पूडही पकडते. यात निम्मा ते दोन-तृतीयांश वायू आटोक्यात येतो. आता वरच्या जुन्या संचाचा हिशेब पुढे नेऊ. त्याच्या धुरात प्रति घनमीटर साधारण १३०० मिलिग्रॅम गंधकवायू असेल आणि त्याला ६०० ची मर्यादा असेल, तर त्याला निम्म्याहून थोडा अधिकच वायू रोखायचा आहे. पंचाण्णव टक्के पकडणारी महागडी यंत्रणा त्याला मुळात लागतच नव्हती. एनटीपीसीने दिल्लीजवळच्या दादरी येथील २१० मेगावॉटच्या चार जुन्या संचांसाठी हीच फुंकणीची पद्धत निवडली, ती याच हिशेबाने.

अमेरिकेच्या पश्चिम भागातला कोळसाही अल्पगंधकी आहे आणि तिथे पाणी दुर्मीळ आहे. तिथल्या केंद्रांनी १९८० च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर कोरडे स्क्रबर बसवले. कोळशात गंधक कमी म्हणून आणि पाणी नाही म्हणून त्यांनी ही निवड केली. आपल्याकडे नेमकी हीच दोन कारणे सूट देण्यासाठी वापरली गेली. २०१५ नंतरच्या चर्चेत ‘स्क्रबर’ या शब्दाचा अर्थ ओली चुनखडी-पद्धत असाच रूढ झाला. निविदा तिच्याच निघाल्या, खर्चाचे अंदाज तिचेच झाले आणि ती महाग ठरली तेव्हा उपायच महाग ठरवला गेला.

महाराष्ट्राचा अनुभव

या बाबतीत महाराष्ट्राकडे देशाला सांगण्यासारखे बरेच आहे. मुंबईत तुर्भ्याच्या टाटांच्या केंद्रात १९८० च्या दशकाच्या अखेरीस समुद्राच्या पाण्याने धूर धुण्याची यंत्रणा बसली. समुद्राचे पाणी नैसर्गिकरीत्या किंचित अल्कधर्मी असल्याने ते गंधकवायू सामावून घेते. डहाणूची कथा अधिक बोधप्रद आहे. १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झालेल्या या चिकूच्या तालुक्यात ५०० मेगावॉटचे केंद्र उभे राहिले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने निवृत्त न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. त्या प्राधिकरणाने १९९९ मध्ये स्क्रबर बसवण्याचा आदेश दिला आणि तो प्रत्यक्षात यायला २००७ उजाडले. आठ वर्षे लागली, पण यंत्रणा बसली. कारण तिथे एका ठिकाणाकडे सातत्याने पाहणारी, त्या ठिकाणाला उत्तरदायी असलेली एक संस्था होती.

डहाणू आणि तुर्भे दोन्ही समुद्रकाठी आहेत. चंद्रपूरला समुद्र नाही. २९२० मेगावॉटचे हे केंद्र राज्यातील सर्वांत मोठ्या केंद्रांपैकी एक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्येच चंद्रपूरला तीव्र प्रदूषित क्षेत्र ठरवले होते. व्याख्येप्रमाणे हे ‘ब’ गटातले प्रकरण, म्हणजे त्याचा स्वतंत्र विचार होणार. हा विचार करताना समितीपुढे ‘ओली यंत्रणा की काहीच नको’ असे दोनच पर्याय ठेवले गेले, तर निर्णय आधीच झाला आहे असे समजावे. तिथे २१० मेगावॉटचे दोन जुने आणि ५०० मेगावॉटचे पाच संच आहेत. पहिल्या दोहोंचा आणि उरलेल्या पाचांचा प्रश्न एक नाही. त्यांचे उत्तरही एक असण्याचे कारण नाही.

कोरड्याचेही ओझे असते

आयुष्यभर यंत्रे विकलेल्या माणसाने दुसऱ्या यंत्राची भलामण करावी, हे संशयास्पद वाटू शकते. म्हणून कोरड्या पद्धतीचे दोषही सांगायला हवेत. तिचा भांडवली खर्च कमी असला तरी रोजचा खर्च जास्त आहे. एक टन गंधकवायूसाठी कागदावरच्या हिशेबाने सुमारे २.६ टन सोडा लागतो, प्रत्यक्षात त्याहून अधिक. ओल्या पद्धतीत स्वस्त चुनखडी सुमारे दीड टन पुरते. सोडाही वायू शोषताना कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि चुना भाजतानाही तो सुटतोच. त्या दोषातून कोणतीच पद्धत पूर्ण मुक्त नाही. फुंकलेल्या पुडीमुळे राख पकडणाऱ्या यंत्रणेवर भार वाढतो. ती जुनी आणि थकलेली असेल तर गंधक घटले पण धूळ वाढली, असे व्हायचे.

सर्वांत मोठा प्रश्न राखेचा आहे. सोडियम मिसळलेली राख सिमेंट कारखाने सहसा घेत नाहीत आणि ती तळ्यात टाकली तर सोडियमचे क्षार पाण्यात विरघळून भूजलापर्यंत जाऊ शकतात. इकडे राखेचा शंभर टक्के वापर करण्याचे बंधन केंद्रांवर आहेच. म्हणजे हवेचा प्रश्न सोडवताना जमिनीचा निर्माण करायचा नसेल, तर चुना की सोडा, किती प्रमाणात आणि राख कुठे, हे प्रत्येक ठिकाणी आधी ठरवावे लागेल. वीस-पंचवीस वर्षे चालायचा असलेल्या मोठ्या संचाला, जवळ पाणी आणि चुनखडी असेल तर, ओली पद्धतच दीर्घकाळात स्वस्त पडेल. पाच-सात वर्षांत निवृत्त होणाऱ्या छोट्या संचाला फुंकणी पुरेल. मधल्यांना चुन्याचा कोरडा स्क्रबर. एवढा भेद करण्याइतके ज्ञान आपल्या अभियंत्यांकडे नक्की आहे.

म्हणून धोरणकर्त्यांकडे मागणी मोठी नाही. सूट देताना वर्तुळाऐवजी संचाचे उरलेले आयुष्य, त्याचे रोजचे उत्सर्जन आणि त्या खोऱ्यातले पाणी हे निकष लावावेत. निविदेत पद्धत लिहू नये; धुराड्याच्या तोंडाशी किती वायू चालेल एवढेच लिहावे आणि मार्ग केंद्रावर सोपवावा. राखेच्या विल्हेवाटीची योजना त्या प्रस्तावाचाच भाग असावी. आणि धुराड्यांवरील स्वयंचलित मापकांचे आकडे आसपासच्या गावांना रोज, त्यांच्या भाषेत वाचता यावेत.

उरतो पैशाचा प्रश्न. ओल्या यंत्रणेमुळे वीज युनिटमागे पंचवीस ते तीस पैशांनी महागते, असे वीज क्षेत्रातील अधिकारी सांगतात. तो आकडा तसाच धरला, तरी महिन्याला दोनशे युनिट वापरणाऱ्या महादेवपुऱ्यातील घराला साठ रुपये अधिक पडतील. इथल्या उपाहारगृहात एका मसाला डोशाला याहून अधिक मोजावे लागतात.

महादेवपुऱ्यातील लोक प्रदूषणाबाबत उदासीन नाहीत. बेळ्ळंदूर तळ्याने २०१५ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये पेट घेतला, वर्तूर तळ्याचा फेस रस्त्यावर उडू लागला, तेव्हा हेच लोक रस्त्यावर आणि न्यायाधिकरणात गेले. कारण ते प्रदूषण त्यांच्या दारात होते आणि डोळ्यांना दिसत होते. सल्फर डायऑक्साइडला रंग नसतो आणि तो त्यांच्या दारात सोडला जात नाही. त्या मुख्य अभियंत्यांचा प्रश्न आज मला नव्याने विचारला गेला तर मी निविदा बाजूला ठेवीन आणि सांगेन, की पाण्यावाचून चालणारा उपाय आहे. तो पूर्ण नाही, फुकट नाही, पण आजच्या शून्यापेक्षा तो पुष्कळ अधिक आहे. आणि त्याचे पैसे तुमच्या गावाने नव्हे, तुमची वीज वापरणाऱ्या आमच्या शहराने द्यायला हवेत.

(लेखक ऊर्जा क्षेत्रातील निवृत्त अभियंता आहेत.)